आधी माळवद हलकं करा, मग भिंतीला हात लावा

लातूर-धाराशिव भागातल्या जुन्या दगडमातीच्या घरांविषयी आलेले प्रश्न.

प्रश्न : माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत) गळतं म्हणून दरवर्षी वर पांढरी माती टाकतो. भूकंपात याचा धोका आहे का?

मोठा धोका आहे. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे कोरडी असतानाच साधारण आठ टन वजन. पावसात ते आणखी वाढतं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात माणसं दगावली ती मुख्यत्वे अशा मातीखाली आणि ढासळलेल्या दगडी भिंतींखाली. खालून तुळयांना टेकू द्या आणि माती थर-थराने, सगळीकडून सारखी उतरवा. एका कोपऱ्यात ढीग घातलात तर तिथलीच तुळई मोडेल. आठ इंच माती पुरे. गळतीसाठी मातीच्या थरांमध्ये जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि उतार पन्हळीकडे ठेवा.

प्रश्न : भिंत दोन फूट जाड आहे. मग ती भक्कम नाही का? बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर?

जाडीवर जाऊ नका. या भिंती म्हणजे आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये चिपा-माती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुधा नसतो, म्हणून हादऱ्यात थर सुटून भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. गिलाव्याने भेगा तेवढ्या झाकल्या जातात.

उपाय असा. आडव्या-उभ्या सुमारे एक मीटर अंतरावर, आडव्या ओळी एकाआड एक सरकवून, खुणा करा. प्रत्येक खुणेवरचा दगड हलवून-हलवून सोडवा. पहारीचे घाव घातले तर शेजारचे दगडही सुटतात, आणि घाईतला गवंडी हमखास तेच करतो. तीन इंची आरपार भोक पाडा. दोन्ही तोंडांशी ते रुंद हवं. अर्धं काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी 1:2:4) भरा, दोन्ही टोकांना आकडा केलेली 8 मिमीची सळई ठेवा, उरलेलं भरा. सळईची टोकं काँक्रीटमध्ये पूर्ण बुडाली पाहिजेत. दहा दिवस पाणी मारा; हे काम मे महिन्यात काढलं की नेमकं पाणी चुकतं.

भिंतीला आधीच पोट आलं असेल तर हा उपाय करू नका. छताला टेकू देऊन तेवढा भाग उतरवा आणि आरपार दगड घालून पुन्हा बांधा.

प्रश्न : माळवद काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकावा का?

नाही. चिखलात बांधलेल्या भिंतींवर स्लॅब म्हणजे जुन्या वजनाच्या जागी नवं वजन. पत्रा टाका, पण तो लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याला आणि सांगाडा भिंतीला नीट बांधलेला हवा, नाहीतर वादळात उडेल.

प्रश्न : दारा-खिडक्यांवरून जाळीची पट्टी घ्यायला सांगतात. कशी?

गिलावा खरवडून सांधे अर्धा इंच खोल मोकळे करा आणि भिंत भिजवा. सिमेंट-वाळूच्या 1:3 मालाचा थर, त्यावर वेल्डेड (लोखंडी तारांची) जाळी, वर दुसरा थर. पट्टी आतून-बाहेरून घ्या आणि दोन्ही पट्ट्या आरपार सळयांनी जोडा. कोपऱ्यावर जाळी कापू नका, वळवून न्या. सांधा द्यायचाच तर भिंतीच्या मध्यावर द्या, एक फूट चढवून.