पुण्याहून सिडनीला आले आहे. इथल्या स्थानिक झाडांचं बोन्साय करायचं आहे, सुरुवात कशापासून करू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बारा वर्षं वडाचं बोन्साय सांभाळलंत आणि इथे आल्यावर जुनिपर-मेपलच्या वाटेला न जाता इथल्याच मातीतलं झाड हवं आहे. मग डोळे मिटून पोर्ट जॅक्सन फिग घ्या. पोर्ट जॅक्सन म्हणजे सिडनीचं बंदर, आणि हे झाड वडाचं सख्खं भावंड, फायकस रुबिजिनोसा. पान उलटून बघा, खालून गंजासारखी तांबूस लव दिसेल. तोच पांढरा चीक, तीच खोडाशी पसरणारी जाड मुळं. वाड्याच्या भिंतीतून पिंपळ निघावा तसं हे इथे जुन्या दगडी भिंतींच्या फटीतून आणि पन्हळीतून उगवतं. तुमचा हात वडावर बसलेला आहे, त्यामुळे छाटणी कुणी शिकवायला नको. जाड फांदी कापली तरी खालून डोळे फुटतात.

बदलायचं ते वेळापत्रक. पुण्यात आपण पावसाळ्याच्या तोंडावर कुंडी बदलतो. इथल्या बोन्सायच्या पुस्तकांत ‘हिवाळा संपता संपता, कळ्या फुगायच्या आत’ असं असतं. ते मेपलसाठी ठीक. फिगची मुळं त्या थंडीत कापलीत तर जखमा भरत नाहीत, ओल्या मातीत नुसत्या कुजतात. रात्रीही ऊब राहायला लागली की, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, मुळांना हात लावा. बहुतेक देशी झाडांना मी हाच नियम लावते.

दुसरं झाड बॉटलब्रश. हे तर तुम्ही पुण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणाला बघितलेलं असणार. तिथला सिल्व्हर ओकही मूळचा इकडचाच. बॉटलब्रशची गंमत अशी की लाल फूल संपलं तरी फांदी तिथे थांबत नाही, फुलाच्या टोकातून पुढे वाढत राहते आणि मागे मण्यांच्या माळेसारखी कडक बोंडं सोडून जाते. म्हणून फुलं वाळली की लगेच छाटा, नाहीतर दोन वर्षांत नुसत्या लांबलचक काठ्या होतात. पाणी भरपूर लागतं. याच कुळातला पेपरबार्क तर उन्हाळ्यात पाण्याच्या ताटलीत उभा केला तरी तक्रार करत नाही.

आता बँक्सिया. हिच्या प्रेमात तुम्ही पडणारच. करवती कडांची पानं, सुरकुतलेली साल, लहान वयातच म्हातारं दिसणारं खोड. माझी पहिली बँक्सिया मी लाडाने मारली. गुलाबाला घालतो तसा मूठभर हाडांचा चुरा कुंडीत घातला, वर कोंबडीखत. महिन्याभरात नवी पालवी पिवळी आणि जुन्या पानांच्या कडा करपलेल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं! कारण नंतर कळलं. इथली जमीन फार जुनी, झिजलेली, तिच्यात फॉस्फरस नावाला असतो. तो शोषून घ्यायला बँक्सियाच्या मुळांना बारीक तंतूंचे दाट झुपके येतात. अशा उपाशी झाडापुढे फॉस्फरसचं ताट वाढलं तर त्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, ते खात सुटतं आणि त्यानेच मरतं. तेव्हा हाडांचा चुरा नको. पिशवीवर ‘नेटिव्ह’ लिहिलेलं कमी फॉस्फरसचं खत आणा, तेही चिमटीनेच. मुळंही एका वेळी थोडीच कापा. सुरुवातीला कोस्ट बँक्सिया, म्हणजे इंटिग्रिफोलिया, बरी पडते.

टी ट्री मात्र पहिल्या वर्षी आणू नका. नर्सरीत बारीक पानांचं, पिळदार खोडाचं रोप दिसेल आणि हात शिवशिवतील. पण ते जुन्या उघड्या लाकडातून सहसा फुटत नाही. फांदीवर हिरवं शिल्लक न ठेवता कापली की ती फांदी गेलीच. आणि एकदा मुळं सुकली की संपलं. ४ जानेवारी २०२० ला आमच्या पश्चिमेकडच्या पेनरिथला ४८.९ अंश तापमान होतं. सकाळी पाणी घालून मी दिवसभर बाहेर गेले होते. संध्याकाळी आल्यावर टी ट्री हिरवंच दिसत होतं, पण फांदीला बोट लावलं तर पानं पापडासारखी चुरली. फिगची अर्धी पानं गळली होती, तीन आठवड्यांत ती परत आली.

रोपं स्थानिक झाडांच्या नर्सरीतून घ्या. बोटभर नळीतली छोटी रोपं काही डॉलरला मिळतात, दोन-तीन आणा म्हणजे एखादं गेलं तरी वाईट वाटत नाही. नॅशनल पार्कमधून काहीही उपटायचं नाही, तो गुन्हा आहे. भिंतीतला फिग दिसला तर घरमालकाला विचारा. बहुतेकदा तो तुम्हाला खुरपंसुद्धा आणून देईल, कारण त्याला भिंतीची काळजी असते.