इंदूरचे पोलीस वस्तीसाठी प्रत्यक्षात काय करतात, आणि त्यांच्याकडून काय मागून घ्यावे?

आपला प्रश्न असा आहे: ‘मी पुण्यात नोकरीला आहे आणि आई-वडील इंदूरला एकटेच राहतात. तिथले स्थानिक पोलीस वस्ती सुरक्षित ठेवण्यासाठी आणि लोकांना माहिती देण्यासाठी नेमके काय करतात, आणि त्यांच्यावर कितपत विसंबून राहावे?’ मी इंदूरच्या राजेंद्रनगर भागात राहतो, रहिवासी संघाचे काम पाहतो आणि त्या निमित्ताने ठाण्यात माझे जाणे-येणे असते. त्यामुळे कायद्यात काय लिहिले आहे आणि रोजच्या व्यवहारात काय घडते, या दोन्ही बाजू सांगण्याचा प्रयत्न करतो.

माझे मत आधीच सांगतो. रात्री गल्लीतून पोलिसांची गाडी किती वेळा फिरते याला महत्त्व आहेच. परंतु ठाणे लोकांना वेळेवर काय सांगते आणि लोकांनी दिलेल्या खबरीचे पुढे काय झाले हे परत येऊन कळवते की नाही, यावर वस्तीची सुरक्षितता त्याहून अधिक अवलंबून असते. जिथून उत्तर येते तिथे लोक आपणहून खबर देतात. तक्रार देऊनही काहीच कळत नसेल तर माणसे पुढच्या वेळी ‘कशाला त्या भानगडीत पडा’ असे म्हणून गप्प बसतात, आणि चोरांचे व भामट्यांचे फावते.

आता व्यवस्था. 9 डिसेंबर 2021 पासून इंदूर आणि भोपाळ या दोन शहरांत पोलीस आयुक्तालय आहे. पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे असलेले प्रतिबंधात्मक आदेशांचे काही अधिकार त्यामुळे शहरापुरते पोलीस आयुक्तांकडे आले. आपल्याला याचा संबंध मुख्यतः भाडेकरूंच्या बाबतीत येईल. आई-वडिलांनी वरचा मजला भाड्याने दिला असेल किंवा घरात कायमचा नोकर ठेवला असेल, तर त्याची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 163 खाली वेळोवेळी निघतात आणि ते न पाळणाऱ्या घरमालकावर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. भंवरकुआँसारख्या, बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या भागात तर ही माहिती नसेल तर पोलिसांना तपासाचे टोकही सापडत नाही. पुष्कळ घरमालकांना हा कटकटीचा कागद वाटतो. मला तो घरमालकाच्याच हिताचा वाटतो, कारण उद्या काही घडले तर आपण कोणाला घरात घेतले याची नोंद आपल्या बाजूने उभी राहते.

ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीटसाठी ठरावीक कर्मचारी नेमलेले असतात. आपण इंदूरला याल तेव्हा पहिले काम हे करावे: ठाण्यात जाऊन आपल्या गल्लीचे बीट कोणाकडे आहे ते विचारावे, त्या हवालदारांची आई-वडिलांशी ओळख करून द्यावी, आणि घरात दोघेच ज्येष्ठ राहतात हे लेखी कळवून ठेवावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली केंद्राचा कायदा झाला. त्याखाली राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत असे म्हटले आहे की प्रत्येक ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि ठाण्याच्या प्रतिनिधीने महिन्यातून एकदा तरी त्यांची विचारपूस करावी. ही विचारपूस दर महिन्याला आपोआप होईल असे मी आपल्याला सांगणार नाही. कर्मचारी कमी असतात आणि बंदोबस्त सतत लागलेला असतो. मात्र ज्यांचे नाव नोंदवलेले आहे आणि ज्यांचा चेहरा ओळखीचा आहे, त्यांच्या दारी बीटचे कर्मचारी येतात, हे मी पाहिलेले आहे. घरातल्याच माणसांचा त्रास असेल तर इंदूर पोलिसांच्या वरिष्ठ नागरिक पोलीस पंचायतीत समुपदेशनाची सोय आहे. मुलांनी वाऱ्यावर सोडलेल्या आई-वडिलांना तिचा आधार वाटतो.

अडीअडचणीला 112 हा क्रमांक लावावा. मध्य प्रदेशात 2015 पासून ‘डायल 100’ची वाहने होती, ऑगस्ट 2025 मध्ये त्यांची जागा 112 ने घेतली. वडीलधाऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी, की हा फोन आपल्या ठाण्यात वाजत नाही. तो भोपाळच्या राज्यस्तरीय नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून जवळच्या वाहनाला निरोप मिळतो. म्हणून ‘नेहमीच्या दुधाच्या दुकानासमोर’ असा पत्ता चालत नाही. शहर, वसाहत, घर क्रमांक आणि जवळची एखादी मोठी खूण, या क्रमाने सांगावे लागते. आमच्या वसाहतीत आम्ही प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी फोनजवळच्या भिंतीवर हा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा घर क्रमांकही वेळेवर आठवत नाही.

आपल्या आई-वडिलांना घरफोडीइतकाच, किंबहुना त्याहून मोठा धोका आज फोनवरून आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाखाली व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशातला माणूस दिसतो, आपल्या नावाने अमली पदार्थांचे पार्सल सापडले किंवा आपल्या खात्यातून काळा पैसा फिरला असे सांगतो, फोन ठेवायला मनाई करतो आणि ‘पडताळणीसाठी’ सगळी जमा रक्कम एखाद्या खात्यात वळवायला लावतो. या भामट्यांचे धाडस इतके, की 2024 साली इंदूरच्या गुन्हे शाखेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यालाच त्यांनी असा फोन केला होता. या विषयावर इंदूर पोलिसांनी शाळा-महाविद्यालयांत, बँकांत आणि वसाहतींत घेतलेल्या सभा हे त्यांचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम आहे.

आमच्याकडे गणेशोत्सवात आरती झाल्यावर मंडपातच अशी एक सभा झाली. आलेल्या अधिकाऱ्यांनी भाषण थोडक्यात आटोपले आणि खऱ्या तक्रारीतल्या कॉलचे ध्वनिमुद्रण मंडपाच्या ध्वनिक्षेपकावरून ऐकवले. तो दरडावणारा आवाज, मधूनच येणारा वायरलेसचा खरखराट, ‘घरातल्या कोणाला सांगितलेत तर त्यांनाही अटक होईल’ हे वाक्य, सगळे लोकांनी कान देऊन ऐकले. पुढे काही दिवसांनी आमच्याच ओळीतल्या एका निवृत्त शिक्षिकांच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाई आल्या तेव्हा दार उघडेना. आतून नुसते ‘आज नको, उद्या या’ एवढेच ऐकू आले. बाईंनी ते ध्वनिमुद्रण ऐकलेले होते. त्या परत न जाता शेजारच्या घरी गेल्या आणि ‘काकूंचा आवाज बरा वाटत नाही, आत कोणी पुरुष हिंदीत दरडावतो आहे’ असे त्यांनी कानावर घातले. शेजारचे दोघे मागच्या अंगणातून आत शिरले, तेव्हा काकू पासबुक पुढ्यात घेऊन फोनसमोर बसलेल्या होत्या. फोन बंद केला. पैसे गेले नव्हते, तरीही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, कारण भामट्यांनी दिलेला खाते क्रमांक पोलिसांच्या उपयोगाचा असतो. संध्याकाळी बीटचे हवालदार आले, काकूंजवळ बसून पाणी प्यायले, त्यांची परवानगी घेऊन त्या बनावट अटक वॉरंटचे छायाचित्र नाव झाकून वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि खाली लिहिले की असा कागद कोणाला आला तर थेट मला कळवा. मी सुरुवातीला ज्याला परत येऊन कळवणे म्हटले, त्याचा अर्थ हा असा आहे.

आई-वडिलांना एवढेच पाठ करायला सांगावे की व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तरी स्त्रियांना आणि 60 वर्षांवरील पुरुषांना त्यांच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही; नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 179 तसे स्पष्ट सांगते. पैसे गेलेच, तर एक क्षणही न दवडता 1930 लावावा. तक्रार जितकी लवकर पोहोचेल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी बँकेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक. लाजेपोटी मुलांपासून लपवण्यात जे तास जातात, त्यांतच पैसा हाताबाहेर जातो. म्हणून आपण फोनवर त्यांना रागावणार नाही, हा विश्वास त्यांना आजच द्यावा.

मोबाईल हरवला किंवा चोरीला गेला तर इंदूरमध्ये ‘सिटिझन कॉप’ ॲपवर तक्रार करता येते आणि ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो हँडसेट बंद करवता येतो. असे मोबाईल शोधून गुन्हे शाखा मालकांना परत करते. खरेदीचे बिल मात्र जपून ठेवावे.

सणावारांचा बंदोबस्त हा इंदूरचा स्वतंत्र विषय आहे. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर चालणाऱ्या, जुन्या गिरण्यांच्या झाँक्या (चित्ररथ) या दोन दिवशी राजवाड्याच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. बंद रस्ते, पर्यायी मार्ग आणि वाहनतळ यांची सूचना पोलीस आधी प्रसिद्ध करतात. त्या दिवशी रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर कोणता रस्ता मोकळा असेल, हे त्या सूचनेवरून घरी आधीच ठरवून ठेवावे.

माहिती वेळेवर न पोहोचल्यास काय होते, याचे भीषण उदाहरण आमच्यापासून फार दूर नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये धार जिल्ह्यातल्या मनावरजवळ, मजुरीची उचल परत मागायला गेलेल्या शेतकऱ्यांना ‘मुले पळवणारे’ ठरवण्यात आले आणि जमावाच्या मारहाणीत एकाचा जीव गेला. मूळ वाद पैशांचा होता, मात्र आवई मुलांची उठली. अशा वेळी ठाण्याकडून ‘असे काही घडलेले नाही’ हे एक वाक्य तासाभरात गावोगाव पोहोचले, तर माणसे वाचू शकतात. परंतु ते वाक्य ज्या माणसाकडून येते त्याच्यावर लोकांचा विश्वास आधीपासून बसलेला असावा लागतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना भिवंडी आठवेल. 1984 च्या भीषण दंगलीनंतर तिथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर 1992 ते जानेवारी 1993 या काळात मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे पोलिसांसह वर्षानुवर्षे एकत्र बसत होती.

याच कारणासाठी नुसत्या बैठकांवर मी भर देत नाही. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत बैठका, गस्त आणि संपर्क यांवर आधारलेल्या पोलीस उपक्रमांची तपासणी झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा, की त्यामुळे लोकांचा विश्वासही वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. उलट मध्य प्रदेशातच 180 ठाण्यांत महिलांसाठीच्या ‘ऊर्जा’ मदत कक्षांचा अभ्यास झाला. जिथे स्वतंत्र कक्ष, प्रशिक्षण आणि ठरलेली कार्यपद्धती होती, तिथे महिलांच्या तक्रारींची नोंद वाढल्याचे आढळले. ठाण्यात आलेल्या बाईचे म्हणणे कागदावर उतरले, म्हणजे काहीतरी बदलले, असे मी मानतो. आमच्या राज्यात 1999 च्या कायद्याने, पोलिसांना मदत करणाऱ्या नागरिकांच्या ग्राम व नगर रक्षा समित्याही आहेत. त्यांतले काही सदस्य रात्री डोळ्यांत तेल घालून उभे राहतात, तर काही ओळखपत्र खिशात ठेवण्यापुरतेच असतात. निवड नीट व्हावी असा आग्रह नागरिकांनी धरायला हवा.

तक्रारीच्या बाबतीत आपले अधिकार ठाऊक असू द्यावेत, कारण आपण पुण्यात बसूनही ते वापरू शकता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते. मात्र खबर देणाऱ्याने 3 दिवसांच्या आत सही केली तरच ती नोंदवली जाते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे पोलिसांवर कलम 193 ने बंधनकारक आहे. ही 90 दिवसांची तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे, म्हणून ती फार थोडे लोक मागतात. मी स्वतः ओळखीच्या तक्रारदारांना कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवायला सांगतो आणि त्या दिवशी ठाण्यात लेखी विचारणा करायला लावतो.

ठाण्यात नोंद करण्यास नकार मिळाला तर वाद घालत बसू नये. तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने आपल्या झोनच्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दर मंगळवारी पोलीस कार्यालयांत जनसुनवाई असते, तिथे आई-वडील किंवा त्यांच्या वतीने कोणी शेजारी अर्ज देऊ शकतात, आणि मुख्यमंत्री हेल्पलाइनचा 181 हा क्रमांकही आहे. अर्जाची पोच आणि तिच्यावरचा आवक क्रमांक घेतल्याशिवाय मात्र तिथून उठू नये.