कानडी वळणाचं मराठी लिहिणाऱ्या मुलांना लेखन शिकवताना आधी चुका सुधाराव्यात का?

तुम्ही बेळगावात बीएच्या मुलांना एकेकाला बसवून लेखन शिकवणार आहात आणि विचारताय, की पहिल्या ओळीपासून चुका दिसतात, मग सुरुवात तिथूनच करू का? माझं मत, नको. चुका शेवटी. मी शनिवारी दुपारी हेच काम करतो, आणि सुरुवातीची दोन वर्षं मी नेमकं उलटं केलं. कागद लाल करून परत द्यायचो. तो कागद शुद्ध व्हायचा, पुढच्या निबंधात त्याच चुका यायच्या, आणि काही मुलं नंतर यायचीच बंद झाली. त्यांचं अजून वाईट वाटतं.

आता पेन मुलाच्याच हातात असतं. तो त्याचं लिखाण मोठ्यानं वाचतो, मी ऐकतो. वाचताना तो जिथे अडखळतो तिथे वाक्य बिघडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते त्याचं त्यालाच कळतं.

उचगावकडचा एक मुलगा शेतीवर निबंध घेऊन आला. सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे', पुढे दीड पान तसंच. मी कागद पालथा घातला आणि विचारलं, "तुमच्या शेतात काय असतं रे?" म्हणाला, "रताळी, सर." मग काढणीला कोण जातं, निवडतं कोण, असं विचारत गेलो. लाल मातीतून कुदळीनं काढताना रताळं कापलं गेलं की त्याचा दर पडतो, आई माती झटकून मोठी-बारीक वेगळी करते, नवरात्राच्या उपवासाला मागणी वाढते म्हणून बाबांची माल मार्केट यार्डात नेण्याची घाई, हे सगळं तो न थांबता सांगत होता. मी फक्त म्हटलं, "आत्ता बोललास ते लिही." त्या दिवशी एकही चूक काढली नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाही मी आधी मराठीत सांगायला लावतो. सांगण्यासारखं सापडलं की भाषेचं काम निम्मं होतं.

तिसऱ्या बैठकीत व्याकरण. त्यानं लिहिलं होतं, 'मी रताळी काढलो', 'आई भाकरी केली'. याला अशुद्ध म्हणून मोकळं होऊ नका, त्यामागे कारण आहे. कन्नडमध्ये भूतकाळाचं क्रियापद कर्त्यामागून चालतं: 'नानु (मी) पुस्तक ओदिदे', 'अवळु (ती) पुस्तक ओदिदळु'. प्रमाण मराठीत ते कर्मामागून जातं: मी पुस्तक वाचलं, तिनं पोथी वाचली. शेजारच्या भाषेसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यानं आपल्या भागात 'मी वाचलो' रुळलं. त्याला म्हटलं, हेच वाक्य कानडीत सांग. सांगितलं आणि स्वतःच म्हणाला, "सर, हे तर तसंच आहे की!" मग त्यानं पेन घेऊन कागदभर अशी वाक्यं शोधली. चौदा सापडली. 'उद्या येतो म्हणून सांगितला' हेही त्यातलंच. प्रमाण मराठीत 'उद्या येतो असं सांगितलं'.

वेळेचं म्हणाल तर चाळीस मिनिटं पुरतात, त्यापुढे दोघंही थकतात. एका बैठकीत एकच गोष्ट घ्या, आणि उठण्यापूर्वी पुढच्या वेळी काय करायचं ते त्याला स्वतःच्या हातानं लिहू द्या. तुम्हाला एखादं सुंदर वाक्य सुचलं तरी ते देऊ नका. हे मला सगळ्यात जड गेलं, अजूनही जातं. पण दिलेलं वाक्य परीक्षेत त्याच्या सोबत येत नाही.

शेवटच्या खर्ड्यात त्यानं आपली सगळी वाक्यं प्रमाण मराठीत आणली. एकच तसं राहिलं होतं, वडिलांच्या तोंडचं: 'यंदा रताळी मी लवकर काढलो.' मी बोट ठेवलं तर म्हणाला, "ते बाबांचं आहे, सर. ते असंच बोलतात." आम्ही ते तसंच ठेवलं.