‘को-ऑप पार्क’ म्हणजे ‘सहकारी उद्यान’ का?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या फिनिश स्थलांतरितांविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘मेसाबा को-ऑप पार्क’ला ‘सहकारी उद्यान’ म्हटलं तर चालेल का? आणि तिथल्या उन्हाळी उत्सवाचं नाव ‘जुहान्नस’ लिहायचं का?

‘उद्यान’ नको. उद्यान म्हटलं की फुलांचे ताटवे आणि ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटी आठवते. इथे प्रकरण वेगळं आहे. मिनेसोटात मेसाबी भागात लोखंडाच्या खाणी. 1907 च्या संपात फिनिश कामगार आघाडीवर होते, म्हणून संप मोडल्यावर खाणमालकांनी त्यांची नावं काळ्या यादीत टाकली. पुष्कळ जणांनी मग जंगलतोड झालेली खडकाळ जमीन घेऊन शेती धरली आणि गावोगावी सहकारी दुकानं काढली. त्याच मंडळींनी 1929 च्या सुमारास हिबिंगजवळ तळ्याकाठची ही जागा उभी केली. स्वतःच्या मालकीची जागा असली की तिथे कोण जमतं, कोण भाषण ठोकतं, हे कंपनीने ठरवायचा प्रश्नच येत नाही. नाचाचा मांडव, सौना म्हणजे गरम वाफेची न्हाणी, सौनातून निघून थेट तळ्यात उडी, आणि त्याच मांडवात राजकीय सभाही. 1950 च्या दशकात एफबीआय या सरकारी तपास यंत्रणेची माणसं इथे येणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून घेत. बागेत फिरायला येणाऱ्यांवर कोण एवढी मेहनत घेईल?

‘शिबिर’ही जमत नाही, त्यात शिट्टी आणि वेळापत्रक येतं. ‘विहार’ शब्दाने चटकन बुद्धविहारच डोळ्यांसमोर येतो. मी नाव ‘मेसाबा को-ऑप पार्क’ असंच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘सभासदांच्या मालकीची सहलीची जागा’ अशी जोड देईन. नुसतं ‘सहकारी’ लिहिलं तर आपल्याकडचा वाचक साखर कारखान्याचा चेअरमन शोधायला लागेल!

एक शब्द मात्र मराठीत बेमालूम बसतो. सगळ्यांनी जमून बिनमजुरीचं काम करायचं आणि यजमानाने जेवू घालायचं, याला फिनिशमध्ये ‘ताल्कोत’ म्हणतात. त्याला खुशाल ‘इर्जिक’ लिहा.

राहिला उत्सव. फिनिशमध्ये ‘J’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, म्हणून ‘युहान्नुस’. हे नाव संत योहानावरून आलंय. पूर्वी हा उत्सव 24 जूनलाच असे. फिनलंडमध्ये 1955 पासून 20 ते 26 जूनमधल्या शनिवारी धरतात. त्यामुळे मराठीत तारीख न देता ‘जूनअखेरचा युहान्नुस’ एवढंच लिहिलेलं बरं.