बारीक माणसाच्या अंगावरून वारं जात नाही?

प्रश्न : डॉक्टर, मी तासगावचा निवृत्त शिक्षक. वय ६२, वजन ५२ किलो. तंबाखू-दारू नाही. बीपी-साखर कधी तपासली नाही, बारीक माणसाला काय होतंय असं घरात सगळेच म्हणतात. पण दिवाळीत धाकट्या भावाच्या अंगावरून वारं गेलं, तोही माझ्यासारखाच काटक. मुलाने आणलेला डिजिटल वजनकाटा मला ‘स्नायू कमी’ दाखवतो. स्नायू कमी असले की लकवा होतो असं मोबाइलवर वाचलं. प्रोटीन पावडर सुरू करू का?

उत्तर : गुरुजी, साठी उलटली तरी बीपी एकदाही मोजलेलं नाही, हे वाचून मी काट्याचं विसरूनच गेलो. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी. पावडरीचा डबा राहू द्या, आधी बीपी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तपासून घ्या. सख्ख्या भावाला झालंय म्हटल्यावर तर उद्याच.

आता स्नायूंचं. जेवल्यावर रक्तात आलेली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. बेदाण्याच्या सौद्यातून असं गिऱ्हाईक उठून गेलं की माल पडून राहतो, तशी साखर रक्तात राहते. त्यातून मधुमेह, आणि मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब. बारीक असणं हे काही कवच नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपल्याकडचे बरेच बारीक लोक असे आतून जाड असतात.

भारतासह १७ देशांतल्या ‘प्युअर’ अभ्यासात (२०१५) हाताची पकड ५ किलोने कमी असलेल्यांत लकव्याचा धोका ९ टक्क्यांनी जास्त दिसला. पकड ढिली म्हणूनच लकवा झाला, असं मात्र यावरून म्हणता येत नाही. आतून आजारी माणसाची पकडही ढिली होते. उलट एकेकाळचे पैलवानही आमच्या मिरजेत लकवा होऊन येतात. मांड्या अजून भरलेल्या, पण बीपीची गोळी वर्षभर बंद!

काट्याच्या आकड्यावर फार जाऊ नका. तो अंगातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतो, शरीरातलं पाणी कमी-जास्त झालं की आकडा हलतो. त्यापेक्षा हे करा : खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे असं धरा. ओपीडीत कितीतरी जण गुडघ्यांवर तळहात रेटल्याशिवाय उठतच नाहीत, आणि त्यांना वाटतं वयाचंच आहे.

बीपी आटोक्यात असेल तर हीच उठबस रोज थोडी थोडी वाढवा. श्वास रोखायचा नाही. मूत्रपिंड ठीक असेल तर तुमच्या वजनाला दिवसाला ५२ ते ६० ग्रॅम प्रथिनं पुरेत. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, चालत असतील तर अंडी. सकाळी नुसती चहा-चपाती खात असाल तर ते बदला.

आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा : तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसायचं नाही. १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात चला. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.