इंग्लंडमध्ये घर घेताय आणि एजंट म्हणतोय "आधी आमच्या मॉर्गेज ॲडव्हायझरला भेटा"? हे वाचा

तुम्ही लिहिलंय की स्लाउमधलं चार लाख पौंडांचं घर आवडलंय, ऑफर द्यायचीये, पण एजंटच्या ऑफिसातून सांगतायत की आधी त्यांच्या मॉर्गेज (गृहकर्ज) ॲडव्हायझरची अपॉइंटमेंट घ्या, त्याशिवाय ऑफर मालकापर्यंत जाणार नाही. आणि शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की नवऱ्याच्या नावावर चिंचवडला फ्लॅट आहे, पण एजंट म्हणाला की तुम्ही इथे फर्स्ट टाइम बायरच (पहिल्यांदाच घर घेणारे, ज्यांना स्टँप ड्यूटीत सवलत मिळते) धरले जाल. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून एवढं मोठं लिहितेय. पहिल्या भानगडीतून आम्ही २०२२ मध्ये रेडिंगजवळ घर घेताना गेलोय. दुसरी त्याहून महागात पडणारी आहे, ती खाली लिहिलीये, तिथपर्यंत नक्की वाचा.

डिपॉझिट, क्रेडिट स्कोअर, एरिया, शाळा ह्यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही बघितलंच असणार. आणि आधीच सांगते, मी सॉलिसिटर (वकील) नाही, टॅक्सवालीही नाही. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंडमध्ये घर घ्यायची पद्धतच वेगळी आणि वेल्समध्ये कर वेगळा.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत ब्रोकर दोन्ही बाजूंनी दलाली घेतो, त्यामुळे तो थोडा आपलाही असतो, निदान आपण त्याला दटावू शकतो. इथे एजंटला आपण एक पेनी देत नाही. त्याला फी मालक देतो, बहुतेक ठिकाणी किमतीच्या एक-दीड टक्का अधिक व्हॅट. म्हणून तो कितीही गोड बोलला, घरी चहा घ्यायला आला तरी तो मालकाचा माणूस आहे, कायद्यानेही. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच ऑफिसातल्या मॉर्गेज ॲडव्हायझरला मात्र आपण बँकेचा तटस्थ माणूस समजून सगळं सांगून टाकतो.

आता हिशोब बघा. तुम्ही दहा हजार पौंड जास्त दिलेत तर एजन्सीला त्यातून मिळणार शंभर-दीडशे पौंड. पण तुमचं साडेतीन लाखांचं कर्ज त्यांच्या ॲडव्हायझरमार्फत झालं तर लेंडर (कर्ज देणारी बँक) त्यांना साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमिशन देतो, म्हणजे हजार-बाराशेच्या वर, शिवाय तुमच्याकडून ब्रोकर फी, वर लाइफ इन्शुरन्सचं कमिशन, वर त्यांच्या "पॅनेलवरचा" सॉलिसिटर घेतलात तर त्याची रेफरल फी. म्हणून तो आग्रह चालू असतो. त्यात तुमच्या सोयीचा काही संबंध नाही.

आमचं असं झालं. सेमी-डिटॅच्ड घर, मागितलेली किंमत ४ लाख २५ हजार. आम्ही ऑगस्टच्या शेवटी ४ लाख १०ची ऑफर फोनवर दिली. ऑफिसातली मुलगी म्हणाली, व्हेंडरची (मालकाची) सूचना आहे, आमच्या ॲडव्हायझरने तुम्हाला क्वालिफाय केल्याशिवाय ऑफर पुढे जात नाही. आमच्याकडे स्वतःच्या ब्रोकरने काढून दिलेलं ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल (एवढं कर्ज मिळू शकेल असं बँकेचं प्राथमिक पत्र) होतं, ते दाखवलं तरी नाही म्हणाली. ॲडव्हायझरची वेळ मिळाली ती पुढच्या आठवड्यातली. त्याने तासभर सगळं विचारलं, पगार, बोनस, बाबा भारतातून किती पाठवणार, आणि मग अगदी सहज, "ताणलंच तर जास्तीत जास्त कुठपर्यंत जाल?" नवरा म्हणाला, ४ लाख ४०. दोन दिवसांनी सेल्सच्या माणसाचा फोन, दुसरा बायर आलाय, बेस्ट अँड फायनल द्या, सेफ राहायचं असेल तर ४४० म्हणा. अगदी तोच आकडा! दुसरा बायर खरंच होता की नाही हे आम्हाला आजही माहीत नाही, आणि ह्या पद्धतीत ते तपासायचा मार्गही नसतो.

आम्ही आकडा वाढवला नाही, पण दुसऱ्यांदा घर बघायला गेलो. त्या वेळी मालक स्वतः घरात होते, वयस्कर गृहस्थ, बागेतलं दाखवता दाखवता त्यांनी विचारलं, "मग, तुम्ही ऑफर द्यायचा विचार करताय का?" आमची ऑफर देऊन तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते! त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारे वाट बघत बसले होते, आणि आम्हाला वाटत होतं की ते अडून बसलेत.

घरी येऊन नवऱ्याने ब्रँच मॅनेजरला ईमेल केली, कायद्याचा उल्लेख करून, आणि त्याच संध्याकाळी ऑफर मालकाकडे गेली. ४ लाख १५ला ठरलं. पण कागद हलेपर्यंत सप्टेंबर संपत आला, आणि २३ सप्टेंबर २०२२ला त्या वेळचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग ह्यांचं ते मिनी-बजेट आलं. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना आठवत असेल, बँकांनी मॉर्गेजचे प्लॅन धडाधड मागे घेतले, दोन वर्षांसाठी दर बांधलेल्या (फिक्स) कर्जाचा सरासरी दर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच ६ टक्क्यांच्या वर गेला. आमच्या ब्रोकरने ऑगस्टमध्ये ३.९चा दर दाखवला होता. ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपलने दर लॉक होत नाही, ठरलेल्या घरावर पूर्ण अर्ज गेला की मगच होतो, आणि ऑफर मान्य झाल्याशिवाय अर्ज कसा करणार? शेवटी ५.९ने घ्यावं लागलं. ३ लाख ४०च्या कर्जावर तीस वर्षांच्या हिशोबाने महिन्याला चारशेहून जास्त पौंडांचा फरक, आणि तो दोन वर्षं भरला. ते दोन आठवडे त्या ऑफिसने नुसते खाल्ले, आणि का, तर त्यांच्या ॲडव्हायझरला धंदा मिळावा म्हणून. आजही लिहिताना डोकं तापतं. पुढे रीतसर तक्रार केली तर "कम्युनिकेशन लॅप्स" म्हणून एक पत्र आलं, बस.

आता कायदा. इस्टेट एजंट्स ॲक्ट १९७९, आणि त्याखाली १९९१ साली आलेल्या नियमांनुसार एजंटने प्रत्येक ऑफर मालकाला ताबडतोब आणि लेखी कळवायची असते (मालकाने स्वतःच "अमुक रकमेखालच्या सांगू नका" असं लेखी दिलं असेल तर गोष्ट वेगळी). आणि बायर आमची सर्व्हिस घेत नाही म्हणून त्याला मागे टाकायचं, हे त्याच नियमांत स्पष्टपणे मना केलंय. मात्र एक फरक लक्षात ठेवा, तुमच्याकडे पैसे आहेत का, कर्ज मिळेल का हे विचारायचा त्यांना हक्क आहे, मालकासाठी ते त्यांचं कामच आहे. ओळखपत्र आणि पैशाचा सोर्स तर मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे बायरकडूनही घ्यावाच लागतो. ते सगळं द्या. पण पुरावा देणं वेगळं आणि त्यांच्या माणसासमोर बसून आपली तिजोरी उघडणं वेगळं.

म्हणून माझं मत, आणि हे ठाम मत आहे, की त्यांच्या ॲडव्हायझरला भेटूच नका. काही जण म्हणतील, भेटायला काय जातंय, फुकट तर आहे, कदाचित दर चांगला मिळेल. असतील चांगले ॲडव्हायझर, नाही म्हणत नाही, पण ज्या ऑफिसकडून घर घेताय त्याच ऑफिसला आपली कमाल मर्यादा कळावी हे मला कोणत्याही दरासाठी पटत नाही. स्वतःचा ब्रोकर घ्या आणि त्याला सांगा की ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल तुमच्या ऑफरच्या आकड्याला पुरेल एवढ्याच रकमेचं काढून दे, जास्तीत जास्त मिळू शकेल तेवढ्याचं नको. पुढे ऑफर वाढवायची ठरली तर नवीन काढता येतं.

आणि आजच ईमेल पाठवा, फोन नको. थोडक्यात लिहा की आम्ही अमुक घरासाठी अमुक रकमेची ऑफर देत आहोत, सबजेक्ट टू काँट्रॅक्ट आणि सर्व्हे (म्हणजे करार आणि घराची तपासणी होईपर्यंत बांधील नाही), सोबत ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल आणि डिपॉझिटचा पुरावा जोडलाय, सॉलिसिटर आणि मॉर्गेज आमचं आम्ही बघतोय, कृपया ही ऑफर १९७९च्या कायद्यानुसार मालकांना लेखी कळवावी आणि कधी कळवलीत ते आम्हाला कळवावं. रागाचा एक शब्द नको. उत्तर नाही आलं तर ब्रँच मॅनेजर, मग त्यांची लेखी तक्रार प्रक्रिया, आणि आठ आठवड्यांत मिटलं नाही तर ओम्बड्समन (तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था). प्रत्येक एजन्सीला प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस ह्यांपैकी एकाची मेंबर असावंच लागतं, कोणाची ते त्यांच्या वेबसाइटवर असतं. आठ आठवड्यांनी घर राहिलेलं नसेल हे खरं आहे, पण बहुतेक वेळा नुसत्या उल्लेखाने काम होतं.

ऑफर मान्य झाली की घर राइटमूव्ह आणि झूप्ला ह्या घरांच्या वेबसाइट्सवर "सोल्ड एसटीसी" (विकलं, पण करार व्हायचाय) दाखवायला आणि नवीन व्ह्यूइंग्ज बंद करायला लेखी सांगा. तरीही एक्सचेंज (करारांची देवाणघेवाण) होईपर्यंत कोणीच बांधील नसतं, मालक जास्त पैसेवाल्याकडे वळू शकतो. त्यावर औषध एकच, आपल्या सॉलिसिटरच्या मागे लागणं.

आता चिंचवडचा फ्लॅट. एजंटने सांगितलं ते चुकीचं आहे. फर्स्ट टाइम बायर म्हणजे ज्याने जगात कुठेही कधीच राहण्याजोगं घर (स्वतः राहत असो वा नसो) घेतलेलं नाही किंवा वारसाने मिळालेलं नाही तो. तुम्ही दोघं मिळून घेत असाल तर दोघंही तसे असावे लागतात, एकाच्या नावावर असेल तरी दोघांचीही सवलत गेली. त्याच्या पुढचं म्हणजे फ्लॅटमधल्या तुमच्या हिश्शाची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल तर हे घर "जादा घर" धरलं जाऊन पूर्ण किमतीवर ५ टक्के सरचार्ज लागतो, आणि ह्यासाठी नवरा-बायको एकच धरतात, त्यामुळे फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घ्यायची युक्ती चालत नाही. सध्याच्या, म्हणजे एप्रिल २०२५पासूनच्या दरांनी चार लाखांच्या घरावर फर्स्ट टाइम बायरला ५ हजार स्टँप ड्यूटी, साध्या बायरला १० हजार, आणि सरचार्जसकट ३० हजार. तुम्ही ५ हजार धरून चालला असाल तर पंचवीस हजारांचा खड्डा आहे. वारसाने आलेला छोटा हिस्सा, आधीचं राहतं घर विकलेलं असणं, ह्याला काही अपवाद आहेत, म्हणून सॉलिसिटरला पहिल्याच ईमेलमध्ये सगळं खरं सांगा. रिटर्न सॉलिसिटर भरतो पण चूक निघाली तर एचएमआरसी (इथलं कर खातं) तुम्हाला पकडणार, एजंटला नाही.

सासरे किंवा बाबा भारतातून पैसे पाठवणार असतील तर एलआरएस ह्या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, दहा लाख रुपयांवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) बँक कापते (रिटर्नमध्ये वळती होते, पण तोवर ती रक्कम अडकते). गिफ्ट लेटर आणि त्यांच्या खात्याची स्टेटमेंट्स आत्ताच गोळा करा. आमच्या बाबांची एफडी मोडल्याची पावती सॉलिसिटरने दोनदा मागितली होती.

स्लाउचं घर फ्लॅट आहे की फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) हाउस ते तुम्ही लिहिलं नाहीत. फ्लॅट असेल तर लीजची (भाडेपट्ट्याची) किती वर्षं उरलीत, सर्व्हिस चार्ज आणि ग्राउंड रेंट किती हे ऑफरच्या आधीच ईमेलवर विचारून घ्या, ८० वर्षांच्या जवळपास असेल तर मी तरी थांबेन. एजंटचं उत्तर आलं की इथे टाका, आणि चिंचवडचा फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे की सासऱ्यांबरोबर जॉइंट आहे तेही बघून सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.