गोडा मसाला गोड कुठे असतो?

एका वाचकाने पहिल्यांदाच घरी गोडा मसाला करायला घेतला आणि सामानाच्या यादीपाशीच अडखळले. धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, सगळं आहे. गूळ किंवा साखर कुठेच नाही. त्यांचे प्रश्न तीन. याला 'गोडा' का म्हणायचं? लिहिताना 'गोडा मसाल्याची आमटी' लिहावं की 'गोड्या मसाल्याची'? आणि काही घरांत यालाच काळा मसाला म्हणतात, ते बरोबर का?

मधला प्रश्न आधी संपवतो. 'गोड्या मसाल्याची'. 'काळा मसाल्याची आमटी' कुणी म्हणत नाही, 'काळ्या मसाल्याची' म्हणतात, तसंच हे. मसाला हा शब्द आकारान्त पुल्लिंगी, प्रत्यय लागताना त्याचा 'मसाल्या' होतो आणि आधीचं आकारान्त विशेषण त्याच्याबरोबर वाकतं. 'गोडा मसाल्याची' हे हल्ली पाकिटांवर आणि पाककृतींत सर्रास दिसतं. 'गोडा मसाला' हे एखाद्या कंपनीने ठेवलेलं नाव आहे, त्याला हात लावायचा नाही, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी. ते विशेषनाम नाही. साधं विशेषण आहे.

साधं म्हटलं खरं, पण गंमत या विशेषणातच आहे. आपल्या सहा चवींची नावं घ्या: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. सहाही अविकारी. गोड मुलगा, गोड मुलगी, गोड मूल. कडू कारलं, कडू काकडी. लिंग-वचनाप्रमाणे यांचं रूप बदलत नाही. मग हा 'गोडा' कुठून उगवला?

तो एकटा नाही. समुद्राजवळच्या विहिरीला 'गोडं पाणी' लागतं. मासे 'गोड्या पाण्यातले' असतात. शेंगदाण्याच्या तेलाला 'गोडं तेल' म्हणायची पद्धत अजून टिकून आहे. बदाम 'गोडे' आणि 'कडू'. यांतल्या पाण्यात साखर नाही, तेलातही नाही. गोडं पाणी म्हणजे खारं नसलेलं, गोडं तेल म्हणजे कडू तेल नव्हे ते, खायचं. आणि हेच बघायचं तर कढीपत्त्याचं 'गोडलिंब' हे नाव बघा. ते पान चावून बघितलंत तर गोड म्हणायची हिंमत होणार नाही. कडुलिंबासारखं दिसतं पण कडू नाही, एवढ्यावरच त्याला गोडपण बहाल झालं आहे.

म्हणजे 'गोड' चव सांगतं आणि 'गोडा-गोडी-गोडं' जोडीतलं कोणतं ते सांगतं. एकाच नावाच्या दोन वस्तू समोर असल्या, त्यांतली एक खारी, कडू किंवा तिखट असली, की दुसरी गोडी. दुसरीत खरोखर गोडवा असू शकतो, नसूही शकतो. जत्रेतली गुळाच्या पाकातली 'गोडी शेव' चांगली गोड असते, पण तिथेही हे रूप तिखट शेवेपासून वेगळं काढायलाच आलेलं आहे.

हे ओढूनताणून जुळवलेलं वाटत असेल तर 'खारट' आणि 'खारा' शेजारी ठेवून बघा. 'खारे दाणे' हा प्रकार आहे. 'खारट दाणे' ही तक्रार आहे. खारी बुंदी विकत घेतात, खारट बुंदी परत करतात. 'खारट' अविकारी, 'खारा' विकारी. जे खारट-खारा यांचं नातं तेच गोड-गोडा यांचं. फक्त तिथे 'ट' असल्यामुळे दोन शब्द वेगळे दिसतात, इथे एका काना-मात्रेवर सगळं निभावलं आहे. एक बारकावा मात्र आहे. 'पाणी खारं आहे' चालतं, तसं 'मसाला गोडा आहे' सहसा कुणी म्हणत नाही. 'हा गोडा मसाला आहे' म्हणतात. 'गोडा' नामाच्या पुढ्यात बसतो, वाक्याच्या शेवटी जात नाही.

मग मसाल्यांच्या जोडीतला दुसरा कोण? तिखट. मराठीत तिखट हे विशेषण आहे आणि स्वयंपाकघरात नामही आहे. 'तिखटाचा डबा' म्हटलं की त्यात मिरचीची पूड असणार, वेगळं सांगावं लागत नाही. आमटीची कृती सांगणारी बाई 'तिखट, मीठ, गोडा मसाला घाल' असं एका दमात म्हणते, तेव्हा व्युत्पत्तीचा पुरावा तिच्या तोंडातूनच मिळतो: तिखट वेगळं पडतं, कारण ते या मसाल्यात नाही. उलट सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वर्षाचा कांदा-लसूण मसाला करतात, त्याला बोलताना 'चटणी' म्हणतात आणि तीत मिरचीच मुख्य. ती घातली की वेगळं तिखट लागत नाही.

आमच्या घरचं प्रमाण सांगतो म्हणजे हे डोळ्यांसमोर येईल. ५०० ग्रॅम धणे, २५० ग्रॅम सुकं खोबरं, प्रत्येकी १०० ग्रॅम तीळ आणि जिरे. बाकी दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरे, शहाजिरे, नागकेशर, बाद्यान हे सगळं १० ते २५ ग्रॅमच्या घरात. हिंगाचा खडा तेलात तळून फुलवायचा. मिरच्या घातल्याच तर आठ-दहा, त्याही रंगापुरत्या. मिरे-लवंगांना तिखटपणा आहे, नाही असं नाही, पण अर्धा किलो धण्यांपुढे त्यांचं काही चालत नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडून होतात तेव्हा धणे अजून कच्चेच असतात. सगळं गार झाल्याशिवाय कुटायचं नाही, नाहीतर खोबऱ्या-तिळांचं तेल सुटून गोळा होतो. एका वर्षी घाई केली आणि डंकावरून मसाल्याऐवजी लाडू घेऊन घरी आलो. याच खोबऱ्या-तिळांमुळे तो कडकडीत फोडणीत टाकला तर करपतो. आमटीला उकळी आली की घालावा.

गोड्या मसाल्याच्या आमटीत चिंच-गूळ पडतो म्हणून मसाला गोडा, असंही सांगतात. मला ते पटत नाही. मसालेभातात हाच मसाला जातो, तिथे गुळाचं काम नसतं, तरी नाव बदलत नाही. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि दालचिनीचा गोडसर वास नावाला पोषक ठरला असेल, इतकंच म्हणेन. आणि माझा आणखी एक अंदाज आहे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आली. त्याआधी झणका मिऱ्यांचा होता, 'मिरची' हे नावही मिऱ्यांवरूनच. तेव्हा मिरचीपूड म्हणजे तिखट, आणि त्याच्या उलट गोडा मसाला, ही वाटणी त्यानंतरचीच असणार.

जाता जाता 'मसाला'बद्दल. हा शब्द फारसीमार्गे आलेला अरबी. मूळ 'मसालिह', म्हणजे कामाच्या, हिताच्या गोष्टी, सामग्री. आणि ते 'मस्लहत'चं अनेकवचन. त्या मस्लहतीचीच आपल्याकडे 'मसलत' झाली. सल्लाही त्याच धातूतला. म्हणजे सल्ला, मसलत आणि मसाला ही तीन भावंडं. मूळच्या अनेकवचनाला आपण एकवचन समजलो आणि वर त्याचं पुन्हा 'मसाले' केलं, हे अगदी आपल्या भाषेच्या स्वभावाला धरून. आणखी एक: दालचिनीतल्या 'दाल'चा डाळीशी संबंध नाही. फारसीत 'दारचीनी', चीनचं लाकूड.

राहिला काळा मसाला. 'गोडा' हे नाव स्वभावावरून पडलं आहे, 'काळा' रंगावरून. दोन नावं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असल्यामुळे ती एकाच डब्यावर बसू शकतात, आणि पुण्याकडच्या बऱ्याच घरांत बसतातही. खोबरं चांगलं तांबूस-काळं भाजलं, दगडफूल पडलं, की रंग काळपट येतोच. पण नाशिक-खानदेशाकडे काळा मसाला म्हणाल तर त्यात मिरची सढळ हाताने असते, बऱ्याचदा भाजलेला कांदाही. शेवभाजीला लागतो तो हा. तो काळा आहे, गोडा मुळीच नाही. मी एकदा पाहुण्याने आणलेला तिकडचा काळा मसाला आमच्या सवयीने दोन चमचे आमटीत घातला, वर नेहमीचं तिखटही घातलं. ती आमटी शेवटी ताकाबरोबर संपवावी लागली.

तेव्हा तुमच्या घरी दोन्ही नावं एकाच मसाल्याला चालत असतील तर चूक नाही. मात्र दुसऱ्याच्या कृतीत 'काळा मसाला' दिसला तर सांगणाऱ्याला एवढंच विचारा, 'वर तिखट वेगळं घालायचं का?' हो म्हणाले तर तो तुमचा गोडा.